पहिली सुरी स्वतःच्या हाताने: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

हाताने सुऱ्या बनवण्याचा छंद लागला की बहुतेक जण पैसे चुकीच्या जागी घालवतात. व्हिडिओत ठिणग्या उडवणारा बेल्ट ग्राइंडर दिसतो, लाटांची नक्षी असलेलं दमास्कस पातं दिसतं. मग आधी यंत्र येतं, त्याच्यासाठी जागा शोधली जाते, आणि पातं मात्र भंगारात मिळालेल्या, कशाची आहे ते कुणालाच ठाऊक नसलेल्या पट्टीतून कापलं जातं. महिनाभराच्या मेहनतीनंतर ती सुरी दोन टोमॅटो कापून बोथट होते आणि छंद तिथेच संपतो.

माझं सांगणं याच्या उलट आहे. यंत्राशिवाय सुरुवात करा, पण पोलाद नाव माहीत असलेलंच घ्या. सुरीचा जीव पोलादात आणि त्याला दिलेल्या पाण्यात असतो. पाणी देणं म्हणजे पोलाद लाल तापवून झटकन विझवून कडक करणं. चकाकी शेवटी येते आणि ती कुणालाही आणता येते.

पातं दोन रीतींनी बनतं. एक, लोहारासारखं तापवून ऐरणीवर घडवून. दोन, तयार पट्टीतून आकार कापून आणि घासून. हा लेख दुसऱ्या रीतीबद्दल आहे. ती फ्लॅटच्या बाल्कनीतही जमते, शेजाऱ्यांची झोप मोडत नाही, आणि पुढे घडाईकडे वळायचं झालं तरी यातलं सगळं उपयोगी पडतं.

१. कायदा आधी वाचा

शस्त्र कायदा १९५९ चा आणि त्याखालचे नियम २०१६ चे. नियमांच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत, म्हणून तर घरोघरी कोयता आणि विळी असते. तरीही नवशिक्याने ५ इंचांच्या आतली स्वयंपाकघरातली सुरी बनवावी. दुधारी खंजीर, बटण दाबल्यावर उघडणारा चाकू यांच्या वाटेला जाऊ नका.

दुसरी गोष्ट लोकांना माहीतच नसते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सण, निवडणुका, मोर्चे अशा वेळी मनाई आदेश निघतात आणि त्या काळात सार्वजनिक ठिकाणी सुरी बाळगणंही गुन्हा ठरू शकतो. आपली सुरी कुणाला दाखवायला न्यायची असेल तर कागदात गुंडाळून, खोक्यात बंद करून, पिशवीच्या तळाशी ठेवा. कमरेला लावून फिरू नका. विमानाने जात असाल तर ती चेक-इन सामानातच जाते.

२. काय बनवायचं ते कागदावर ठरवा

पहिल्यांदा फळं-भाज्या कापायची छोटी सुरी करा. पातं साधारण ४ इंच, मूठ साडेचार इंच, पट्टीची जाडी ३ मि.मी., पात्याची उंची २५ मि.मी. पातं आणि मुठीतला भाग एकाच अखंड पट्टीचा ठेवा. दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या चिकटवायच्या. ही सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत भक्कम रचना आहे.

आकार पुठ्ठ्यावर पूर्ण मापाने काढा, कापा आणि हातात धरा. कांदा चिरल्यासारखं करून पाहा. बोटांची पेरं ओट्याला लागतात का? करंगळी मुठीबाहेर लोंबते का? पुठ्ठ्याचे चार नमुने फुकट आहेत, पोलादाचे नाहीत. घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या हातात नमुना द्या, तुम्हाला न सुचलेल्या दोन गोष्टी तिथे कळतील. मुठीला बोटांसाठी खोल खाचा मात्र काढू नका. त्या एकाच पकडीत आणि एकाच हातात बसतात, बाकी प्रत्येक वेळी टोचतात.

३. पोलाद

नवशिक्यासाठी आपल्याकडे मिळणारं उत्तम पोलाद म्हणजे ईएन-४२ जे. कार्बन पाऊण टक्क्याच्या थोडा वर, बाकी मिश्रधातू फारसे नाहीत, त्यामुळे साध्या भट्टीत तापवून साध्या तेलात विझवलं तरी छान कडक होतं. अमेरिकेत किंवा युरोपात राहत असाल तर १०८४ किंवा १०७५ मागा, स्वभाव जवळपास तोच.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ईएन-३१ हे बेअरिंगचं पोलाद, कार्बन सुमारे १ टक्का आणि क्रोमियम दीड टक्क्याच्या आसपास. धार सुरेख धरतं, पण ठरावीक तापमानावर काही मिनिटं स्थिर ठेवावं लागतं आणि कोळशाच्या भट्टीत ते अवघड जातं. डी-२ ला १००० अंशांच्या वर नियंत्रित भट्टी लागते. ते कारखान्यात द्यायचं पोलाद. ईएन-८ दुकानदार आग्रहाने देतो, पण त्यात कार्बन ०.४ टक्क्याच्या घरात, सुरीसाठी कमी. एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) पट्टी कितीही तापवा, कडक होणार नाही. पत्र्याच्या दुकानातलं ३०४ किंवा २०२ स्टेनलेससुद्धा नाही.

ट्रकच्या कमानपाट्याचं आकर्षण सगळ्यांना असतं. पोलाद वाईट नाही, पण लाखो खड्डे खाल्लेल्या पाट्यात केसाएवढ्या भेगा असतात आणि त्या पाणी देताना उघडतात. तो वाकडा असतो, जाड असतो आणि आधी तापवून मऊ करावा लागतो. पहिल्या सुरीसाठी नको.

पोलाद घेताना 'अनिल केलेलं', म्हणजे मऊ केलेलं, मागा. मुंबईकरांना कळंबोलीचा लोखंड बाजार आहे. छोट्या तुकड्यासाठी मोठे व्यापारी दारात उभं करत नाहीत, तेव्हा टूल-स्टीलचे तुकडे कापून देणारा दुकानदार शोधावा किंवा ऑनलाइन मागवावं. पट्टी हातात आली की कोपऱ्यावर कानस फिरवा. कानस चावली पाहिजे. नंतर पट्टीवर मार्करने ग्रेड लिहा आणि उरलेल्या तुकड्यावरही लिहा. सहा महिन्यांनी कोणतीच पट्टी ओळखू येत नाही.

४. हत्यारं आणि सामान

- भक्कम व्हाइस (काम आवळून धरणारा शिकंजा), टेबलाला बोल्टने बसवलेला
- हॅकसॉ आणि इंचाला २४ दात असलेलं ब्लेड
- १२ इंची बास्टर्ड (जाड दातांची) कानस, १० इंची स्मूथ (बारीक दातांची) कानस, एक अर्धगोल कानस
- ड्रिल मशीन, ५ मि.मी. आणि २ मि.मी. बिट
- दोन-चार सी-क्लॅम्प
- पॉलिश पेपर ८०, १२०, २२०, ४०० नंबर
- ५ मि.मी. पितळी सळई, हळू सुकणारं एपॉक्सी
- लोहचुंबक
- चष्मा, एन-९५ मास्क, कानात घालायचे बोळे

कानशीत काटकसर करू नका. आपल्या रत्नागिरीत ज्यांचा कारखाना आहे त्या जेकेच्या कानशी चांगल्या आहेत आणि कुठेही मिळतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, इथे एका फेरीत ही यादी पूर्ण होते. कानशीला मूठ बसवल्याशिवाय ती वापरू नका. तिची अणकुचीदार शेपटी तळहातात घुसते.

मास्क फक्त यंत्र चालवणाऱ्यांसाठी नाही. पोलादाची, एपॉक्सीची आणि विशेषतः शिसवीसारख्या लाकडाची बारीक पूड फुप्फुसाला आणि त्वचेला त्रास देते. अँगल ग्राइंडर वापरणार असाल तर त्याचं गार्ड काढू नका, सैल कपडे, ओढणी, गळ्यातला गोफ काढून ठेवा. ड्रिलवर काम करताना हातमोजे घालू नका, बिट मोज्यासकट बोट ओढून घेतं.

५. आकार कापा, भोकं पाडा

पुठ्ठ्याचा नमुना पट्टीवर चिकटवा, कडेने टोकदार खिळ्याने रेघ मारा. हॅकसॉने सरळ सरळ काप देऊन रेघेच्या २ मि.मी. बाहेर थांबा आणि उरलेलं कानशीने घासून रेघेपर्यंत आणा. वळणाच्या जागी एकमेकांना लागून आडवे काप द्या आणि मधले दात तोडून काढा.

मुठीची भोकं आत्ताच पाडा. पाणी दिल्यावर साधं बिट पोलादाला ओरखडासुद्धा काढत नाही. हे विसरणारे पुष्कळ आहेत. पिनांची, म्हणजे फळ्या धरून ठेवणाऱ्या पितळी सळईच्या तुकड्यांची, दोन भोकं पुरतात. एक पात्यापासून बोटभर मागे, दुसरं मुठीच्या शेवटाआधी बोटभर.

६. उतार घासा

उतार म्हणजे पाठीकडून धारेकडे पातळ होत जाणारी पात्याची बाजू. सुरीचं खरं कौशल्य इथे आहे, म्हणून घाई नको.

आधी धारेची कड मार्करने काळी करा. पट्टी सपाट काचेवर किंवा फरशीवर आडवी ठेवा. २ मि.मी.चं ड्रिल बिट त्याच काचेवर आडवं ठेवून त्याच्या टोकाने कडेवर लांबलचक ओरखडा ओढा. पट्टी उलटी करा, पुन्हा ओढा. बिटचं टोक काचेपासून बरोबर १ मि.मी. उंचीवर असतं, त्यामुळे ३ मि.मी. जाडीच्या कडेवर दोन समांतर रेघा उमटतात आणि मध्ये १ मि.मी. काळी पट्टी उरते. ती काळी पट्टी शेवटपर्यंत जपायची. दोन्ही बाजूंचे उतार त्या रेघांना येऊन थांबले की घासणं बंद.

धार आत्ताच का काढायची नाही? कागदासारखी पातळ कड तेलात विझवताना वेडीवाकडी होते किंवा तडकते. १ मि.मी. मांस हवंच.

पातं लाकडी फळीवर क्लॅम्पने आवळा, फळी व्हाइसमध्ये धरा. कानस फक्त पुढे जाताना कापते. मागे आणताना उचला, नाहीतर दात मरतात. आधी कडेजवळ मोठा कोन घेऊन रेघेपर्यंत घासा, मग तो कोन हळूहळू पाठीकडे चढवत न्या. दर दहा-बारा हातांनंतर पातं उजेडात धरून पाहा. कानशीच्या खुणा सगळीकडे एका दिशेने दिसल्या तर उतार सपाट आहे; मध्येच खुणा नसलेला पट्टा दिसला तर तिथे खोलगट आहे. कानशीच्या दातांत पोलादाचे कण अडकले की पात्यावर खोल ओरखडे पडतात. त्यासाठी कानशीला पांढरा खडू घासायचा आणि अधूनमधून तारेच्या ब्रशने साफ करायची.

एक बाजू पूर्ण करून मग दुसरीकडे वळू नका. थोडं इकडे, थोडं तिकडे, असं आलटून पालटून घासा. मुठीजवळ जिथे उतार सुरू होतो तिथली रेघ दोन्ही बाजूंना समोरासमोर आली पाहिजे. नवख्याची सुरी आधी तिथेच ओळखू येते.

उतार झाले की १२० आणि मग २२० पेपरने कानशीच्या खोल खुणा काढा. खोल ओरखडा तसाच राहिला तर पाणी देताना तिथून तडा सुरू होतो.

७. पात्याला पाणी द्या

इथे दोन वाटा आहेत.

पहिली: बाहेरून करून घ्या. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हीच वाट धरावी. भोसरी, चाकण, नाशिकचं सातपूर-अंबड, कोल्हापूरचं शिरोली, छत्रपती संभाजीनगरचं वाळूज अशा औद्योगिक वसाहतींत हीट ट्रीटमेंट करणारे असतात. एका सुरीसाठी ते सहसा उत्सुक नसतात आणि किमान शुल्क लावतात, म्हणून दोन-चार मित्रांची पाती एकत्र न्या. कागदावर तीन गोष्टी लिहून द्या: पोलादाचा ग्रेड, हवी असलेली कठीणता (५८ ते ६० एचआरसी, म्हणजे रॉकवेल सी मापाने), आणि 'पाती उभी टांगावीत'. वेगवेगळ्या ग्रेडची पाती एकाच पिशवीत देऊ नका.

दुसरी: स्वतः करा. मोकळी जागा हवी. बंद खोलीत कोळसा पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणूस मारतो. भट्टीसाठी उष्णतारोधक विटा घ्या. सिमेंटच्या फरशीवर थेट जाळ केला तर ती फुटून तुकडे उडतात. हवेसाठी ब्लोअर आणि काळा लोखंडी पाइप लावा. जीआय पाइप नको, त्याच्यावरचं जस्त तापलं की त्याच्या धुराने ताप भरतो. इंधन म्हणून लोणारी कोळसा उत्तम.

लोखंडी उभट डब्यात निदान तीन लिटर खाद्यतेल घ्या, शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं. ते ५० अंशांच्या आसपास कोमट करा. गरम तेल पातळ होतं आणि पात्याला जास्त चांगलं भिडतं. गाडीचं जळकं ऑइल वापरू नका, त्याचा धूर विषारी असतो. डब्याचं लोखंडी झाकण हाताशी ठेवा. तेल पेटलं तर झाकण घालायचं, पाणी कधीही टाकायचं नाही.

काम संध्याकाळी करा. भर उन्हात पोलादाचा रंग कळत नाही. आधी पातं नारिंगी होईपर्यंत तापवून हवेत काळं होऊ द्या, असं तीनदा. घासण्या-कापण्याने पोलादात साठलेला ताण निघून जातो. मग शेवटचं तापवा. पातं निखाऱ्यात सारखं पुढेमागे हलवत राहा, टोक पातळ असतं आणि आधी जळतं. मधूनमधून चुंबकाला लावून पाहा. ७७० अंशांच्या सुमारास चुंबक धरेनासा होतो. तिथून रंग आणखी जरासा उजळू द्या, म्हणजे ८०० ते ८२० अंश. सगळं पातं एकसारखं दिसलं की क्षणाचाही विलंब न करता टोकाकडून सरळ तेलात. वरखाली किंवा धारेच्या दिशेने हलवा; आडवं हलवलंत तर पातं वाकतं.

दहा-पंधरा सेकंदांनी बाहेर काढा. जरा वाकलं असेल तर हातमोजे घालून लगेच सरळ करा, तेवढ्या थोड्या वेळात ते ऐकतं. गार झाल्यावर धारेवर जुनी कानस फिरवा. काचेवर घसरल्यासारखी घसरली तर पातं कडक झालं. चावली, तर पुन्हा तापवा.

आता हे पातं हातातून पडलं तर तुकडे होतील. म्हणून त्याच दिवशी टेंपर करायचं: घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, गार करून पुन्हा दोन तास. ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा; वीस-तीस अंशांचा फरक सर्रास असतो. आधी पात्याचं तेल साबणाने धुवा आणि एक जागा पेपरने घासून चकचकीत करा. तिथे वाळक्या गवतासारखा फिकट पिवळा रंग आला पाहिजे. निळा आला तर पातं सुरीसाठी फार मऊ झालं.

यापुढे पात्यावर यंत्र लावलंत तर ते कधीही हाताला चटका बसण्याइतकं तापू देऊ नका. शेजारी पाण्याची बादली ठेवा.

८. मूठ बसवा

लाकूड कठीण आणि पूर्ण वाळलेलं हवं. शिसव, बाभूळ, खैर, चिंच चांगली. आंबा मऊ पडतो. वखारीत किंवा फर्निचरवाल्याकडे कापून उरलेले तुकडे मिळतात, सुरीला तेवढे पुरतात. सांबराचं किंवा चितळाचं शिंग कुणी देऊ केलं तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार त्याचा व्यापार गुन्हा आहे, शिंग जंगलात आपोआप गळलेलं असलं तरी.

फळ्यांची पात्याकडची टोकं चिकटवण्याआधीच घासून, पॉलिश करून पूर्ण करा. एकदा चिकटल्यावर तिथे पेपर फिरवलात तर पात्यावर ओरखडे पडतात. चिकटवायच्या सगळ्या बाजू ८० नंबरने खरबरीत करा, थिनरने पुसा आणि नंतर बोट लावू नका. अरालडाइटसारखं एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचं चिकटद्रव्य) घ्या, पाच मिनिटांत सुकणारं नको. फळ्यांना पात्याच्या भोकांसमोर भोकं पाडलेली असू द्या आणि चिकटवताना सळईच्या पिना त्यांतून आरपार घाला. क्लॅम्प माफक आवळा. फार आवळलं तर चिकटद्रव्य सगळं बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो. बाहेर आलेलं लगेच पुसा. चोवीस तास हात लावू नका.

आकार देताना पात्यावर जाड चिकटपट्टी गुंडाळा. शेवटी मुठीला जवसाचं उकळलेलं तेल दोन-तीन हात लावा. तेलाची चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकते. पाण्यात बुडवून किंवा पसरून वाळवूनच टाका.

९. धार

आता जपलेली १ मि.मी. कड आधी पेपरने किंवा जाड दगडावर अर्ध्या मि.मी.पेक्षा पातळ करा. मग ४०० आणि १००० नंबरचे पाणी-दगड. दर बाजूला १५ ते २० अंशांचा कोन, आणि एकच कोन शेवटपर्यंत. एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला नखाला लागणारी बारीक बर उठते. ती टोकापासून मुठीपर्यंत उठली की बाजू बदला. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने ओढून बर काढा.

कागद कापून खूश होण्याआधी पितळी सळईची परीक्षा घ्या. धार सळईवर टेकवून हलकेच दाबा आणि कड किंचित वाकताना पाहा. दाब काढल्यावर ती सरळ झाली तर पाणी अचूक बसलं. वाकलेलीच राहिली तर मऊ, कपचा उडाला तर जास्त कडक. कपचा उडाला असेल तर दहा-पंधरा अंश जास्त ठेवून पुन्हा टेंपर करा.

१०. वापर

हे पोलाद गंजतं. लिंबू, कैरी, टोमॅटो कापून झाला की धुवून लगेच पुसा. काही आठवड्यांत पात्यावर करडा-निळसर रंग चढेल, तो घासून काढू नका, तोच पुढच्या गंजापासून वाचवतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात आठवड्यातून एकदा औषधांच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन पुसून ठेवा. खाद्यतेल चिकट होतं आणि त्याला वास येतो. म्यान करायचं असेल तर कोल्हापुरी चपलेला लागतं तसं झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं घ्या. क्रोममध्ये कमावलेलं चामडं पोलाद गंजवतं. कोणत्याही म्यानात सुरी महिनोन्‌महिने ठेवू नका.

दुसरी सुरी सुरू करताना पोलाद, जाडी आणि आकार तेच ठेवा. पहिली वापरताना जे खटकलं, म्हणजे मूठ जाड, पाठ टोचते, टोक फार बोथट, तेवढंच बदला. बेल्ट ग्राइंडर घ्यावा की नाही हा विचार त्यानंतर करा. तोवर सपाट उतार कसा दिसतो ते डोळ्याला कळलेलं असेल आणि कोणत्या रुंदीचा पट्टा, किती वेगाचं यंत्र हवं हे दुकानदाराला तुम्हीच सांगू शकाल.